कोमलला आणायला गेलो होतो

आमच्या घरात माझ्या नोकरीला 'पोरं पळवणं' म्हणत. कुणी पाहुणा आला आणि "सर कुठं गेले?" म्हणाला, की आमच्या सौभाग्यवती भाजी निवडता निवडता सांगायच्या, "पोरगं पळवायला वाशीला गेलेत." पाहुणा नवा असला तर त्याच्या हातातला चहा हातातच राहायचा. पुढं कॉलेजात मुलींचा खो-खोचा संघ सुरू झाला तेव्हा मी तिला हात जोडून विनवलं, की बाई, आता तेवढं वाक्य बदल. ती म्हणाली, "मी वाक्य बदलीन, तुम्ही आधी धंदा बदला."

धंदा काही बदलला नाही. धाराशिवच्या एका कॉलेजात मी शारीरिक शिक्षण संचालक म्हणून लागलो आणि तिथंच निवृत्त झालो. 'संचालक' या शब्दानं कुणी दबून जाऊ नये. माझ्या हाताखाली एक शिट्टी, चुन्याचं एक पोतं आणि एक शिपाई होता, आणि मैदान आखायच्या दिवशी तो शिपाई हमखास रजेवर असायचा. स्टाफरूममध्ये मी कायम 'पी.टी.चे सर'. पंधरा ऑगस्ट जवळ आला की प्राचार्यांना माझं नाव आठवायचं, झेंडा वर गेला की विसरायचं.

लोकांना वाटतं, खेळाचा मास्तर म्हणजे खेळ शिकवणारा. शाळेत तसं असेल. कॉलेजात खेळाडू येतो तो तयार होऊनच. त्याला तयार केलेलं असतं खेड्यातल्या एखाद्या मास्तरानं, शाळेमागच्या मैदानातले काटे वेचून. आमचं काम एवढंच, की दुसऱ्या कॉलेजाच्या आधी तो उचलून आपल्याकडं आणायचा. विद्यापीठाच्या स्पर्धेत ढाल मिळवून द्यायला तयार खेळाडू लागतो, आणि ढाल मिळाली की फोटोत मास्तर मधोमध उभा राहतो. बारावीचा निकाल लागला की आमचा हंगाम सुरू व्हायचा. घरचे आंबे मी कधी निवांत बसून खाल्ल्याचं आठवत नाही.

या धंद्यात एकच नियम. तोंडच्या शब्दाला काही अर्थ नाही. मुलगा 'येतो' म्हणाला, बाप 'पाठवतो' म्हणाला, आईनं हातावर साखर ठेवली, तरी खेळाडू आपला नाही. शाळा सोडल्याचा मूळ दाखला आपल्या पिशवीत पडला, मग तो आपला. नव्या संचालकांना मी हे छाती पुढं काढून शिकवायचो. माझ्या छातीचं काय झालं ते पुढं येईलच.

तसा मी या धंद्यात फार हुशार होतो असंही नाही. नळदुर्गला हायवेवर धाबा चालवणाऱ्या एकाचा मुलगा वाऱ्यासारखा पळायचा. बाप दिलदार. मुलाचा विषय काढला की म्हणायचा, "आधी जेवा सर, मग बोलू." मी जेवायचो आणि बोलायचं राहून जायचं, कारण एवढं जेवल्यावर बोलवत नसे. त्या उन्हाळ्यात मी किती चकरा मारल्या असतील देव जाणे. शेवटी मुलगा सोलापूरला गेला आणि मला पित्त झालं. दुसऱ्या एकाला मी इतर कॉलेजांच्या नजरेआड ठेवायचं म्हणून तेर गावी त्याच्या मावशीकडं लपवला. इतका बेमालूम लपवला, की मावशीनं त्याला पेरणीला जुंपला आणि प्रवेशाची तारीख निघून गेल्याचं त्यालाही कळलं नाही, मलाही नाही. पोरगा कुणालाच मिळाला नाही. मावशीची पेरणी मात्र वेळेत झाली.

आता कोमलकडं येतो.

आमच्या जिल्ह्यात खो-खो फार. का, ते मला विचाराल तर या खेळाला काहीच लागत नाही आणि आमच्याकडं काहीच नसतं, म्हणून दोघांचं जमलं. दोन खांब, चार रेघा आणि पळायला पाय. आठ जणी एका ओळीत बसतात, एक तोंड इकडं, एक तोंड तिकडं. नववी पाठलाग करते आणि बसलेलीला खो देऊन उठवते. समोरच्या संघाच्या तिघी आत पळत असतात, त्यांना शिवून बाद करायचं. तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी उतरतात. या तिघींना आम्ही तुकडी म्हणतो. पहिल्या तुकडीत सगळ्यात चिवट पोरी घालायच्या, म्हणजे घड्याळ त्यांनीच खायचं आणि मागच्यांवर पाळी कमी यायची. खेळ एवढाच आहे, बाकी सगळं दमाचं काम.

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत कोमलला मी पहिल्यांदा पाहिलं. नावाची तेवढी कोमल. खांबाजवळ ती अशी गिरकी घ्यायची, की मागची पोरगी खांबाला मिठी मारून बसायची आणि ही ओळीच्या पलीकडं उभी राहून वेणीची रिबीन नीट करत असायची. ती बादच होईना. शेवटी वेळ संपला म्हणून पंचांनीच तिला बाहेर काढलं. मी तिथल्या तिथं ठरवलं, ही आपली. माझी निवृत्ती दीड वर्षावर आली होती आणि इतक्या वर्षांत विद्यापीठाची ढाल मी एकदाही कॉलेजात आणलेली नव्हती. उपविजेतेपदं होती, कपाटभर होती. शिपाई त्यात चहाचे कप ठेवायचा.

त्याच तुकडीत आरती नावाची एक मुलगी होती. दोघी एकाच गावच्या, आमच्या जिल्ह्यातल्या वाशीच्या पुढं बालाघाटाच्या कडेला त्यांचं गाव. आरतीकडं माझं लक्ष गेलं नाही असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू. गेलं होतं. 'ही लवकर जाते', म्हणजे बाद होते, एवढं मनात आलं आणि मी परत कोमलकडं बघायला लागलो.

बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात मोटारसायकल काढली. तुळजापूरचे पेढे, नारळ, शाल आणि एक हार घेतला. कोमलचं घर म्हणजे मेंढपाळाचं. वडील धुळाप्पा मेंढ्या घेऊन रानोरान फिरायचे, ज्याच्या शेतात खत हवं असेल त्याच्या शेतात मेंढ्या बसवायचे. गावात घराला कुलूप. विचारत विचारत रानात पोचलो, तर घोंगडीवर पांढरेशुभ्र बूट घातलेला एक तरुण आधीच बसलेला. पुण्याच्या एका कॉलेजाचा संचालक. तो मोबाईलवर धुळाप्पांना त्यांचं मैदान दाखवत होता. मैदान कसलं, हॉल होता, आत मॅट अंथरलेली. वर पंखे. मीही वाकून बघितलं आणि क्षणभर मलाच त्या कॉलेजात प्रवेश घ्यावासा वाटला.

धुळाप्पा शांत माणूस. कुणाच्या रानात मेंढ्या बसवायच्या याची बोलणी करण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळं पोरीच्या कॉलेजचीही त्यांनी तशीच चौकशी चालवली.

"पाणी जवळ हाय का?" त्यांनी विचारलं.

"चोवीस तास," पुण्याचा म्हणाला.

"तुमच्याकडं हो, सर?"

आता धाराशिवात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक. मी म्हणालो, "येतं. आलं की भरपूर येतं."

"कुत्री?"

"आमच्या कॅम्पसला कंपाउंड आहे," पुण्याचा म्हणाला.

"आमच्याकडं कुत्री आहेत, पण ओळखीची आहेत," मी म्हणालो.

"रातच्याला राखणीला कोण असतं?"

पुण्याच्यानं वॉर्डन, कॅमेरे, गार्ड सगळं सांगितलं. आमच्या वसतिगृहाच्या मावशी लई कडक आहेत, एवढंच मला सुचलं. तेवढ्यात माझ्या पिशवीतून डोकावणारा हार एका कोकरानं ओढला आणि खायला सुरुवात केली. पुण्याचा हसला. धुळाप्पा हसले नाहीत, ते कोकराला झेंडू बाधेल का याच्या काळजीत पडले.

मी हरलो होतो. शाल आणि नारळ देऊन उठलो. मोटारसायकल बांधावर लावली होती, तिथवर पोचवायला कोमल माझ्यामागं आली. बापाला ऐकू जाणार नाही इतकं लांब आल्यावर म्हणाली, "सर, आरतीला बी घ्या."

"कोण आरती?"

"माज्या तुकडीतली. पिठाची गिरणी हाय न्हाय का गावात, त्या तात्यांची."

"तिचं काय?"

"तिची सोयरीक बघायलेत. पोरगा पुण्याला कंपनीत हाय. दिवाळी झाली की लगीन. आरतीला शिकायचंय सर. तात्या म्हणायलेत, कोमल जिथं जाईल तिथं जा, येका खोलीत ऱ्हावा, तर धाडतो. न्हायतर न्हाय. पुण्याच्या सरांना इचारलं म्या. ते म्हनले, आम्हाला फक्त तूच पाहिजे."

मी मनात त्या पांढऱ्या बुटांचे आभार मानले. "आणि मी तिला घेतलं तर तू येशील?"

"येते की. फकस्त आधी तिचं करा. होस्टेलसकट."

"तुझा दाखला दे मग आत्ताच."

"हेडसरांच्या कपाटात हाय. चावी घिऊन ते लग्नाला गेलेत. आठ दिसात आनून देते. तवर आरतीचा घ्या."

नव्या संचालकांना मी काय शिकवायचो ते वर लिहिलंच आहे. तो नियम मी त्या बांधावर ठेवला आणि घरी आलो. येताना गाणं म्हणत होतो असं रस्त्यात भेटलेल्या एका प्राध्यापकानं नंतर स्टाफरूममध्ये सांगितलं.

खरी अडचण वसतिगृहाची होती. बी.ए.ला प्रवेश कुणालाही मिळतो, पण मुलींच्या वसतिगृहात खेळाडूंसाठी राखीव एकच जागा उरली होती. मी प्राचार्यांकडं गेलो आणि दोन मागितल्या. प्राचार्य कॉमर्सचे. "एक स्टार आहे म्हणालात ना? मग दुसरी कशाला?"

"सर, बैलजोडीतला एकच बैल कुणी घेतं का?"

"दुसरी कशी खेळते?"

"फार सुंदर," मी म्हणालो.

"तुमच्या जबाबदारीवर देतो," ते म्हणाले, आणि मी जबाबदारी घेतली. जबाबदारी घेताना माणसाला फार बरं वाटतं.

आरती आली ती वडिलांबरोबर. तात्या म्हणजे अंगावर कायम पीठ असलेले, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. गिरणीच्या घरघरीत बोलायची सवय, त्यामुळं माझ्या टीचभर खोलीतही ते ओरडूनच बोलायचे. पत्र्याची पेटी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कोमल कवा यायलीय?"

"येत्या सोमवारी."

"न्हाय, तिच्या भरवशावर धाडायलोय मनून इचारलं. पोरीची जात हाय. दोगी संगं आसल्या की आमाला घोर न्हाय. पाव्हण्यांना अजून काय कळवलं न्हाय म्या."

आरती पेटीशेजारी उभी होती. मान खाली. मला वाटलं, लाजाळू आहे.

सोमवारी कोमल आली नाही. मंगळवारी जिल्ह्यातल्या सगळ्या खेळाच्या मास्तरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर फोटो आला. कोमलच्या हातात गुच्छ, शेजारी ते पांढरे बूट, मागं मॅट. खाली सगळ्यांनी मला हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं, आणि नळदुर्गच्या धाब्याची गोष्ट माहीत असलेल्या एकानं ताटाचं. स्टाफरूममध्ये गेलो तर इतिहासाचे सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या. पानिपताहून कधी आलात?"

कोमलला फोन लावला. काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. तिनं पहिल्या रिंगला उचलला.

"सर, मीच करनार हुते. तुमी काय बोलायचं ते बोला, ऐकून घेते."

जुळवून ठेवलेलं सगळं बाजूला ठेवलं. मी म्हणालो, "असं का केलंस, पोरी?"

"हितं मॅट हाय सर. मला देशाकडनं खेळायचंय. आता समदं मॅटवरच व्हतंय. तुमच्याकडं मातीवर पळून तुमाला ढाल मिळाली आसती, पर पुडं गेल्यावर माजा पाय मॅटवर ठरला नसता. तुमच्याकडं मॅट आसती तर आलेच आसते."

"मग मला तोंडावर सांगायचं होतंस."

"सांगितलं आसतं तर आरतीचं झालं नसतं. तिला काडू नका सर. घरी गेली की लगीन लावत्यात."

"अगं, तिच्या बापाला मी काय सांगू? तुझ्या भरवशावर पाठवलंय त्यांनी."

"तुमी आजवर लई जणांच्या बापाला काय काय सांगितलाव. आजून येकाला सांगा."

बारावी पास झालेल्या पोरीनं माझ्या सगळ्या नोकरीचा निकाल एका वाक्यात लावला. मला राग यायला हवा होता. आला पण होता, फक्त कुणावर काढायचा ते कळेना.

संध्याकाळी मैदानावर आरतीला बोलावलं. "तुला माहीत होतं?"

"व्हय सर."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले आसते तर घेतलं आसतं का तुमी?"

मी शिट्टी वाजवली. बाकीच्या मुली पळायच्या थांबल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या. कशासाठी वाजवली ते मलाच ठाऊक नव्हतं, म्हणून अजून दोन फेऱ्या मारा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जोडी म्हणून दिली होती, जोडी राहिली नाही, तेव्हा दुसरी जागा परत करा. नियमानं ते बरोबरच होते. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि दारात तात्या उभे. गावात बातमी पोचली होती.

"पोरीला न्यायला आलोय," ते म्हणाले. "कोमलच न्हाय तर ही येकली हितं काय करणार? पाव्हणे बी घाई करायलेत. दिवाळीनंतरचा मुहूर्त धरतो."

म्हणजे प्रश्न सुटलाच होता. प्राचार्यांना जागा मिळत होती, तात्यांना पोरगी मिळत होती, माझी जबाबदारी उतरत होती. मी गप्प बसायचा अवकाश होता. दाराबाहेर आरती उभी होती. तिनं पेटी आणलेलीच होती, मला वाटतं सकाळीच भरून ठेवली असावी. त्या पेटीकडं बघून माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोललो नाही. सवयीनं बोललो.

"तात्या, कोमल आम्हाला नकोच होती."

प्राचार्यांनी चष्मा काढला.

"कोमल चमकते. लोकांना चमकणारं दिसतं. पण मी इतकी वर्षं खो-खो बघतोय. तुकडी उभी राहते ती आरतीवर. ही आत असते म्हणून कोमल मोकळी पळते. पुण्याच्या मास्तराला कळलं नाही, तो चुकीची मुलगी घेऊन गेला. यंदा आमच्या पहिल्या तुकडीत आरतीच. हिला नेली तर मला संघ उतरवता येणार नाही."

यात एक अक्षर खरं नव्हतं. तात्या खुर्चीत बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"आमची आरती?"

"तुमची आरती."

"मग आमाला कसं कुणी सांगितलं न्हाय?"

"कोमलच्या आड झाकली गेली ना."

तात्यांनी प्राचार्यांकडं बघितलं. प्राचार्यांना खो-खोतलं काही कळत नव्हतं. देव कॉमर्सच्या माणसाचं भलं करो, त्यांनी मान हलवली. तात्या पाणी प्यायले, उठले, बाहेर गेले आणि लेकीकडं त्यांनी असं बघितलं जणू ती दुसऱ्या कुणाची आहे. मग पेटी स्वतः उचलून वसतिगृहात ठेवून आले. जाताना मला म्हणाले, "पाव्हण्यांना सांगतो, पोरगी कॉलेजच्या टीमची मेन हाय. स्पर्धा होस्तवर दम धरा म्हणतो. मग बगू."

म्हणजे लग्न मोडलं नव्हतं, स्पर्धेपर्यंत लांबलं होतं. आणि स्पर्धेत आरती कोण आहे ते सगळ्यांना दिसणार होतं.

थापेचं एक असतं, ती मारणाऱ्यालाच सांभाळावी लागते. आरती रोज सगळ्यांच्या आधी मैदानावर यायची. जीव तोडून पळायची. सुधारलीही. पण खांबाजवळ वळताना तिचा एक पाय मागं राहायचा, तो काही केल्या येईना. माझ्याकडं नळदुर्गची एक मुलगी होती, ती खरी पहिल्या तुकडीची. तिला मी दुसऱ्या तुकडीत ठेवलं, कारण तात्या एकही सामना सोडत नव्हते. जीप भरून गाव आणायचे. गिरणी बंद ठेवून. खांबाजवळची जागा धरून बसायचे आणि शेजारच्या अनोळखी माणसाला ओरडून सांगायचे, "ती चार नंबरची. आमची. हिच्यावरच टीम हाय सगळी." मी ऐकायचो आणि पायाखालचा चुना न्याहाळायचो.

नवल म्हणजे आम्ही जिंकत गेलो. बाकीच्या मुली चांगल्या होत्या आणि आरती बाद झाली की तात्या म्हणायचे, "दमवलं समोरच्यांना, आता मागच्यांना सोपं." खो-खोचं असं विवेचन मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

अंतिम सामना तुळजापूरला. तात्या देवीचं दर्शन घेऊन कपाळभर कुंकू लावून आले. बरोबर सोयरिकीतल्या मुलाचे मामा होते. पाव्हण्यांनी त्यांना मुद्दाम पाठवलं होतं, की एवढं थांबायला सांगताय तर पोरगी खेळते तरी काय ते बघून या. मामा खुर्चीत बसले. हाताची घडी. चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती.

शेवटचा डाव आमचा पळायचा होता. सहा गुणांनी आम्ही पुढं होतो. पहिली तुकडी टिकली तर ढाल आमची, इतकं सोपं. नळदुर्गची मुलगी आणि तिच्या जोडीला दोघी चिवट घातल्या असत्या तर अर्धं घड्याळ त्यांनीच खाल्लं असतं. कोण आधी उतरणार ते सांगायला मी पंचांच्या टेबलाकडं निघालो. तोच आरती आडवी आली.

"सर, मला मागं ठेवा."

तिनं माझ्या हातातली नावांची यादी धरली.

"मी लवकर जाते. मला ठावं हाय. तुमाला बी ठावं हाय. ढाल तुमची ऱ्हायलीय. मी तात्यांना सांगते कायतरी."

खांबाजवळून तात्यांचा आवाज आला. मामांना सांगत होते, "आता बगा. पयली आमचीच उतरती."

खरं सांगतो, मी फार मोठा विचार वगैरे केला नाही. ढालीचा विचार केला. कपाटाचा केला. फोटोत मधोमध उभं राहायचाही केला. हिला मागं ठेवलं असतं तर मामांनी तात्यांकडं बघितलं असतं, तात्यांनी माझ्याकडं बघितलं असतं, आणि उन्हाळ्यात मला लग्नाची पत्रिका आली असती. मी टेबलाजवळ गेलो आणि म्हणालो, "पहिल्या तुकडीत चार नंबर."

आरती उतरली. पहिल्याच झपाट्यात खांबाजवळ आली, वळली, आणि तो पाय मागं राहिला. बाद. तिच्यामागून तुकडी फुटली. दुसरी तुकडी लवकर उतरावी लागली, नळदुर्गची पोरगी एकटी किती झुंजणार. तिसऱ्या तुकडीतली मुलगी शेवटच्या खोवर सापडली आणि आम्ही एका गुणानं हरलो. समोरच्या संघाचा मास्तर नाचत होता. मी हातात शिट्टी धरून उभा होतो. पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार होतो, तेव्हा माझ्यापुरता हा धंदा तिथंच संपला.

आरती मातीत गुडघ्यात तोंड घालून बसली होती. तात्या मैदान ओलांडून आले. मामा त्यांच्या मागं. मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार. तात्यांनी आधी माझ्याकडं बघून सांगितलं, "पंचानं खाल्लं, सर." मग लेकीजवळ उकिडवे बसले आणि तिच्या पाठीवरची माती हातानं झाडायला लागले. मामा वर उभे राहून बघत होते. तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"रडती कशाला," तात्या त्यांच्या गिरणीतल्या आवाजात म्हणाले. "पुढच्या वर्षी हायच की."